मानमंदिराच्या टाइल्स फोटोत फिक्या आल्या तर

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पाहुणे नेले की एक तक्रार ठरलेली, तिथल्या मानमंदिर महालाच्या टाइल्स समोर उभं राहून इतक्या निळ्या दिसतात आणि फोटोत मात्र राखाडी. मग कुणीतरी सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग गडद करायचा स्लायडर शेवटपर्यंत ढकलतं, टाइल्स निळ्या होतात पण आत्याचा चेहरा हळद फासल्यासारखा दिसतो.

आधी गिंप घ्या, फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. कलर्स, मग कंपोनंट्स, मग डिकंपोझ, तिथे आरजीबी निवडा म्हणजे फोटो फुटून लाल, हिरवा, निळा असे तीन काळेपांढरे लेअर मिळतात. लाल लेअरमध्ये दगड उजळ आणि टाइल्स काळपट, निळ्यात बरोबर उलटं. हवेतला धुरकटपणाही निळ्यातच जास्त दिसेल आणि संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात काढला असेल तर नॉइज, म्हणजे दाणेदारपणाही तिथेच, कारण तेव्हा निळा उजेड मुळातच कमी पोचतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे, लाल आणि निळ्याला पाव पाव, म्हणून हिरवा लेअर सहसा सगळ्यात स्वच्छ असतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा असेल तर मी लाल लेअर तसाच सेव्ह करतो, आकाशही गडद होतं, काम संपलं.

रंगीत हवा असेल तर खरी मजा लॅबमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या पद्धतीत. मूळ फोटोवर परत डिकंपोझ करा, या वेळी लॅब निवडून. एल म्हणजे नुसता उजेड, ए म्हणजे हिरवा ते लाल, बी म्हणजे निळा ते पिवळा. आता बघा, पिवळसर दगडावर निळ्या टाइल्स, म्हणजे आपलं मानमंदिर अख्खं बी मध्येच बसलंय! बी लेअरवर कलर्समधलं लेव्हल्स उघडा, इनपुटला ० च्या जागी ३० आणि २५५ च्या जागी २२५ टाका. दोन्ही बाजूंनी सारखंच आत यायचं, कारण मधला राखाडी म्हणजे रंगच नाही, तो हलला की सगळ्या फोटोवर पिवळी नाहीतर निळी झाक चढते. मग कंपोनंट्समधूनच रिकंपोझ, म्हणजे लेअर जोडून परत रंगीत फोटो. जेपीईजी असेल तर फार ओढू नका, आकाशात पट्टे पडतात. आणि बी ओढला की आत्याही थोडी पिवळी होणारच, म्हणून मूळ फोटोचा लेअर वर ठेवून मास्कने, म्हणजे बाकीचा भाग झाकून, तेवढा चेहरा परत आणा.

शार्पनिंग करायचंच तर रिकंपोझच्या आधी फक्त एल वर करा, कडांना रंगीत रेघा येत नाहीत. रंगीत नॉइज असेल तर ए आणि बी वर हलका ब्लर द्या, डोळ्याला कळतही नाही.

सेव्ह करताना रंगांची पद्धत एसआरजीबीच ठेवा, बहुतेक फोन आणि स्क्रीन तीच धरून चालतात, दुसरी असेल तर रंग फिके दिसू शकतात. मी हौसेने कॅमेरा अडोबी आरजीबीवर टाकला होता, नाव भारी वाटलं म्हणून, आणि तसेच फोटो फॅमिली ग्रुपवर पाठवले तर पुण्याच्या मावशीने विचारलं, "टाइल्स धुतल्या नाहीत का रे बरेच दिवस?"