घरी शिरेतून औषध देताना: पिक लाइनची रोजची हाताळणी

गंभीर जंतुसंसर्गात किंवा दीर्घ आजारात काही आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर हे उपचार घरी पूर्ण करायला सांगितले जाते. अशा वेळी बहुधा दंडाच्या शिरेतून एक लांब, बारीक नळी घातलेली असते. तिचे आतले टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. हिलाच पिक लाइन म्हणतात. बाहेरच्या टोकाला लागलेला जंतू थेट रक्तात पोहोचू शकतो, म्हणून घरच्या माणसाचे खरे काम औषध सोडण्याचे नसून ते टोक स्वच्छ ठेवण्याचे आहे. रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेसमोर सगळी कृती निदान एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी, कारण बघताना सोपे वाटते आणि घरी आल्यावर हात अडखळतात. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, किती मिनिटांत द्यायचे, फ्लश (नळी धुऊन काढण्यासाठी सिरिंजने सोडायचे सलाईन) किती मिलिलिटरचा आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, हे सारे लिहून घ्यावे. या लेखातल्या आणि त्या कागदावरच्या सूचनांत फरक आढळला, तर कागदावरची सूचना पाळावी.

औषध फ्रिजमध्ये, म्हणजे 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असेल, तर ते साधारण अर्धा ते एक तास आधी बाहेर काढून ठेवावे. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही कोमट करू नये. पिशवीवरचे नाव, मात्रा आणि मुदत कागदाशी ताडून पाहावी. पिशवी उजेडासमोर धरून द्रव गढूळ आहे का, त्यात कण दिसतात का, पिशवी कुठे पाझरते का, हेही पाहावे. शंका आली तर ती पिशवी वापरू नये. पंखा बंद करावा, टेबल पुसून घ्यावे आणि साबणाने किमान 20 सेकंद हात धुवावेत.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. नळीच्या टोकाचा जोड अल्कोहोलच्या पुसणीने 15 सेकंद घासायचा असतो, नुसता पुसायचा नसतो. पुसणी जोडाभोवती घट्ट धरून ती डावी-उजवीकडे पिळल्यासारखी फिरवावी आणि वरचा सपाट भाग तितक्याच जोराने चोळावा. घाईत 5 सेकंदही पुरेसे वाटतात, म्हणून घड्याळाकडे पाहूनच मोजावे. नंतर तो जोड आपोआप वाळू द्यावा. फुंकर घालू नये. वाळेपर्यंत तो बोटाला, अंथरुणाला किंवा कपड्याला लागला, तर पुन्हा पहिल्यापासून घासावा.

मग सलाईनचा फ्लश. त्यासाठी 10 मिलिलिटरचीच सिरिंज वापरावी, आत सलाईन 5 मिलिलिटर असले तरी; कारण लहान सिरिंजमधून तेवढ्याच जोराने नळीत जास्त दाब निर्माण होतो आणि नळी फाटू शकते. सिरिंजमधली हवा आधी काढून टाकावी आणि सलाईन थोडे ढकलून, क्षणभर थांबून, पुन्हा थोडे अशा रीतीने सोडावे. अडथळा जाणवला तर क्लॅम्प (नळी बंद करणारी चिमटी) उघडा आहे का, नळीला पीळ पडला आहे का, हे पाहावे. तरीही जात नसेल तर थांबावे आणि फोन करावा. जोर लावणे ही येथे घडणारी सर्वांत धोकादायक चूक आहे.

ड्रिप लावण्यापूर्वी चेंबर (ज्यात थेंब पडताना दिसतात ती पारदर्शक कुपी) अर्धे भरून सेटमधली, म्हणजे पिशवीला जोडायच्या नळीतली, सगळी हवा बाहेर काढावी. वेग थेंबांनी मोजायचा असेल, तर एका मिलिलिटरला किती थेंब पडतात, ते सेटच्या पाकिटावर छापलेले असते. समजा 20 थेंबांचा सेट आहे आणि 100 मिलिलिटर औषध 30 मिनिटांत द्यायचे आहे, तर 100 गुणिले 20 भागिले 30 म्हणजे मिनिटाला सुमारे 67 थेंब पडायला हवेत. हात हलला की वेग बदलतो, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. उशीर झाला म्हणून वेग वाढवू नये; व्हॅन्कोमायसिनसारखे प्रतिजैविक (जंतुनाशक) औषध भरभर गेले तर अंग लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. औषध संपल्यावर जोड पुन्हा घासून फ्लश करावा आणि वेळ वहीत नोंदवावी.

पारदर्शक ड्रेसिंग सहसा 7 दिवसांनी आणि गॉजचे (जाळीदार सुती कापडाचे) 2 दिवसांनी बदलतात. भिजले किंवा सुटले तर लगेच बदलून घ्यावे. हे काम शक्यतो परिचारिकेकडूनच करवून घ्यावे. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये आणि नळीजवळ कात्री नेऊ नये. बाहेर दिसणारी नळी लांबल्यासारखी वाटली, तर ती आत ढकलू नये.

ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त झाला, किंवा फ्लशनंतर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर नळीतच संसर्ग असल्याची शक्यता असते. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये, लगेच कळवावे. हात किंवा मान सुजणे, नळीच्या जागी पू येणे, ही लक्षणेही त्याच दिवशी कळवायची आहेत. औषध चालू असताना श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला, तर ड्रिप तत्काळ बंद करून आपत्कालीन सेवा बोलवावी. नळी तुटली तर तुटलेली जागा आणि शरीर यांच्या मधोमध ती दुमडून घट्ट धरावी. हवा आत गेल्याची शंका असेल, तर क्लॅम्प लावून रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके खाली ठेवून निजवावे आणि मदत मागवावी.

सुया सहज न भोसकणाऱ्या जाड डब्यात टाकाव्यात, त्यांना टोपण परत लावू नये आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलावा. शेवटचा डोस झाला तरी नळी काढेपर्यंत ठरलेल्या दिवशी फ्लश चालूच ठेवायचा असतो, म्हणून ती काढण्याची तारीख तेव्हाच विचारून घ्यावी.