घरकुल आखताना: फक्की मारायच्या दिवशी काय काय ठरवायचं

घरकुलाच्या यादीत नाव लागलं की लोक मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, एवढ्या पैशात स्लॅब पडंल का?" मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात गवंड्यांबरोबर काम करणारी डिप्लोमा इंजिनिअर. स्लॅब पडतो, नीट हिशेब केला तर. पण स्लॅबच्या नादात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत-बाहेर करता येईल का, मे महिन्यात दुपारी आत बसवेल का, हे कुणी विचारत नाही. आणि हे सगळं ठरतं ते आखणीच्या दिवशी. त्या दिवशी खर्च लागतो तो फक्कीच्या, म्हणजे आखायच्या पांढऱ्या भुकटीच्या, एका पोत्याचा.

आधी पैशाचा अंदाज. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला मूळ अनुदान 1,20,000 रुपये, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, संडासासाठी 12,000. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं हवं. यात घरचे पैसे घालावेच लागतात, त्यामुळे ते कुठे घालायचे याचा क्रम ठरवून ठेवा. माझा क्रम असा: पाया आणि पट्टे (भिंती बांधून धरणारे सळई-काँक्रीटचे आडवे पट्टे), मग उतार-दार-संडास, मग छप्पर. फरशी उरल्या पैशात. दर्शनी खांब आणि रंगीत टाइल्स सगळ्यांत शेवटी, कारण पैसे संपले तर त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही.

फक्कीचं घर

मोकळ्या जागेवर घर खऱ्या मापानं फक्कीनं आखा. समोरची खोली 10 × 12, मागची 10 × 9, स्वयंपाकाची 8 × 7.5. झाले 270 चौरस फूट. संडास-न्हाणी 5 × 7 ची, वेगळी धरायची पण त्याच जोत्यावर, आणि दार घरातूनच. परसात वीस पावलांवर बांधलेला संडास पावसाळ्यातल्या रात्री सत्तरीच्या माणसाला असून नसल्यासारखा.

आता आखणीत खरी बाज आणून टाका. धान्याची पोती जिथे लागणार तिथे ठेवा. चुलीची, शेगडीची जागा विटा मांडून दाखवा. व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला 5 फूट व्यासाचं रिंगण लागतं. प्रत्येक खोलीत ते फक्कीनं काढा आणि बाज टाकल्यावर ते मोकळं राहतं का बघा. राहत नसेल तर दार सरकवा, खिडकी सरकवा. फक्की पायानं पुसली की झालं. घरात आज कुणी व्हीलचेअरवर नसलं तरी हे करा. आमच्याकडे चाळीस वर्षं ऊसतोड आणि खुरपणी केलेल्या बायकांचे गुडघे काय अवस्थेत असतात ते मी सांगायला नको.

घरातल्या बायांना या आखणीतून आधी चालू द्या, हातात घागर घेऊन. कारभारी बहुतेक वेळा दाराची दिशा सोडून दुसरं काही बोलत नाहीत. वास्तूवर मी वाद घालत नाही. पूर्वेचं दार हवं असेल तर घ्या, फक्त पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवू नका. त्या बाजूला न्हाणी आणि सामानाची जागा गेली की दुपारचं ऊन त्यांच्या वाट्याला जातं.

जोतं, उतार, उंबरा

दोन फूट जोतं ही सवय आहे. उताराचा नियम 1 ला 12, म्हणजे दोन फूट चढायला 24 फूट लांब उतार. गावठाणातल्या जागेत तो बसत नाही, मग तीन पायऱ्या होतात आणि विषय मिटतो. त्यापेक्षा शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, मोठ्या पावसात पाणी कुठवर चढलं होतं. त्या खुणेच्या वर एक फूट जोतं बहुतेक ठिकाणी पुरतं. पाणी तुंबत नसेल तिथे उतार 12 फुटांत संपतो. तो घराच्या कडेनं घ्या, रुंदी 4 फूट, आणि वर तो ओट्यावर उतरवा. ओटा तर आपण करतोच; तो 5 फूट रुंद केला की खुर्ची थांबवून दार उघडायची सोय होते. उताराचा कोबा ओला असताना खराट्यानं आडव्या रेघा मारा, घोटून गुळगुळीत करू नका. कडेला चार इंचाची उभी कड आणि हाताला पाईप. पायऱ्याही ठेवा, 6 इंच उंच आणि 12 इंच रुंद, कारण काठी टेकत चालणाऱ्याला कधी कधी उतारापेक्षा पायरी बरी वाटते.

दाराची चौकट 3 फुटी घेतली की प्रत्यक्षात मोकळी जागा अडीच फुटांच्या आसपास उरते. म्हणून चौकट साडेतीन फुटी सांगा. सुताराला "तीन फूट मोकळं" असं म्हणा, नाहीतर तो बाहेरून माप धरतो.

उंबऱ्यावरून माझी सगळ्यांत जास्त बोलणी होतात. एका आजींनी मला सरळ सुनावलं, "पोरी, उंबरा न्हाई तर हळदकुकू कुठं लावायचं?" बरोबरच आहे. आम्ही सागाची जुनी तुळई कापून तिची पट्टी फरशीच्या पातळीला बसवली, जेमतेम अर्धा इंच वर, दोन्ही कडा उतरत्या तासलेल्या. हळदकुंकू, रांगोळी, सगळं होतं. पाणी आणि विंचू आत येऊ नयेत म्हणून ओट्याला बाहेरच्या बाजूनं उतार आणि दाराच्या तळाला रबराची पट्टी.

संडास

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं. साधं भारतीय भांडं बसवलं तरी चालतं, पण त्यावर कमोडची खुर्ची ठेवता येईल एवढी जागा चारी बाजूंनी सोडा. हाताच्या पाईपची उंची पुस्तकातून घेऊ नका. ज्याच्यासाठी आहे त्याला खुर्चीवर बसवून कोपर कुठे येतं ते भिंतीवर खडूनं मारा.

सेप्टिक टँकपेक्षा दोन शोषखड्डे स्वस्त पडतात. एक साधारण तीन वर्षांत भरतो, मग पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद राहिला की आतलं सोनखत होतं. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर वाळूचा थर द्या आणि खड्डे पायापासून लांब ठेवा. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतही.

पाया आणि भिंत

पाया मुरूम लागेपर्यंत. कुठे चार फुटांवर लागतो, कुठे आठ. खोल असेल तर काळी माती काढून थराथरानं मुरूम भरा, पाणी मारा, धुम्मस करा. इथे वाचवलेला पैसा दोन उन्हाळ्यांत तड्यांतून बाहेर येतो. डबरासाठी नवा दगड आणायची गरज नाही. पडक्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या जुन्या घराच्या, भिंतीचा दगड तुमच्याच जागेत पडलेला असतो.

माळवदाबद्दल थोडं बोलते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून आमच्या भागात दगड-मातीचं नाव काढलं की लोक कानावर हात ठेवतात. त्या भिंती आतून-बाहेरून दोन पापुद्र्यांच्या होत्या, मध्ये नुसती भर; दोन्ही बाजू बांधणारा आरपार दगड नव्हता आणि डोक्यावर वर्षानुवर्षं थापलेली फूट-दोन फूट माती. म्हणून त्या पोट फुटून पडल्या. पण आता लोक उलट टोकाला गेलेत: सिमेंटच्या विटा, वर पत्रा, आणि पट्टा एकही नाही. ते घर भूकंपात भरवशाचं नाही आणि मे महिन्यात त्यात बसवत नाही.

तीन पट्टे घ्या: जोत्याला, लिंटलला (दार-खिडक्यांच्या डोक्यावर), आणि पत्र्याचं घर असेल तर छताखाली. जाडी किमान 3 इंच, आत दोन सळया, दर 6 इंचांवर 6 मिमीची कडी. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब.

भिंतीला मी परळीच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा वापरते, कारण त्या मापाला एकसारख्या असतात, आणि मला रॅट-ट्रॅप बांधणी करायची असते. विटा आडव्या न लावता उभ्या कडेवर लावायच्या, म्हणजे 9 इंची भिंतीत मध्ये पोकळी राहते. वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. चारातली एक वीट वाचते, मसालाही कमी लागतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत उशिरा तापते. बाहेरून गिलावा न करता नुसत्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरल्या तर तोही खर्च गेला. गवंडी पहिल्या दिवशी कुरकुरतो. त्याला पहिले दोन थर सुके, मसाल्याशिवाय, लावून दाखवायला सांगा. एक मात्र विसरायचं नाही: कोपरे, चौकटींच्या कडा आणि संडासात जिथे हाताचा पाईप येणार ती जागा पूर्ण भरीव बांधायची. पोकळ भिंतीत ठोकलेला पाईप माणसाच्या वजनानं उपटून येतो.

छप्पर आणि पाणी

स्लॅबच टाकायचा असेल तर फिलर स्लॅब विचारा. जुन्या मंगलोरी कौलांच्या जोड्या सळयांच्या चौकटीत ठेवून वर काँक्रीट ओतायचं. खालच्या भागातलं काँक्रीट तसंही फारसं काम करत नाही. भिंतीलगतच्या फूटभर पट्टीत कौलं नकोत, आणि सळयांचं अंतर इंजिनिअरकडून काढून घ्या, अंदाजानं नको. पत्रा परवडतो तर पत्रा घाला, पण खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा आणि वरून दर मार्चमध्ये चुन्याचे दोन-तीन हात मारा. खिडक्या समोरासमोर, वर सज्जा दीड-दोन फूट, आणि छताजवळ झरोका.

25 चौरस मीटरच्या छपरावर 700 मिमी पाऊस पडला तर गळती-बिळती धरून 14,000 लिटरच्या आसपास पाणी मिळतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते पाहिलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. छपराला एकाच बाजूला उतार द्या, म्हणजे पन्हाळ एकच लागते.

घराबाहेरचे चार फूट

घर झालं, उतार झाला, आणि उतारासमोर उघडी नाली. असं मी फार ठिकाणी बघते. आखणीच्या दिवशीच रस्त्यापर्यंत चालून बघा. नालीवर 4 फूट रुंद झाकण लागेल. ते तुमच्या खर्चात धरू नका: ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात "सोय करावी" असं मोघम लिहू नका. कुठल्या घरासमोर, किती फूट, शाळा आणि हातपंपापर्यंत कुठे कुठे, हे माप घालून लिहा.

हप्ता मिळण्यासाठी कामाच्या टप्प्याटप्प्यावर फोटो निघतात. त्या दिवशी तुम्हीही आपले फोटो काढून ठेवा: पट्ट्याच्या सळया ओतण्याआधी, कोपऱ्यातलं वळण, संडासातली भरीव भिंत. पुढे पाईप बसवणाऱ्याला ड्रिल कुठे मारायचं ते त्या फोटोवरूनच कळतं.