चार्टवर पाण्याची खोली दिसते म्हणून निश्चिंत राहू नका: या चुका टाळा

29 नोव्हेंबर 2014 च्या रात्री जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकांवर चढली. नऊही जण वाचले. खडक चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, होते, पण चार्ट पुरेसा मोठा केल्यावरच दिसत होते. मार्ग आखताना लहान स्केलवर, म्हणजे कमी तपशिलाच्या नकाशावर, त्या भागात 40 मीटर पाणी दिसलं आणि तेवढ्यावर भागलं. मॉरिशसलाच 25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज किनाऱ्याजवळच्या खडकांत रुतलं. मोबाईलच्या सिग्नलसाठी जहाज किनाऱ्याकडे नेलं होतं, आणि त्या भागाचा मोठ्या स्केलचा चार्ट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, नव्हता.

म्हणून मार्ग आखून झाला की त्याच रेघेवरून सर्वांत मोठ्या स्केलवर, मैलामैलाने सरकत जा. एकडिसचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणाऱ्या यंत्रणेचं, रूट चेक (मार्गाची आपोआप तपासणी) चालवलंत तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कंटाळवाणं काम आहे, तासभर जातो. तो घालवाच.

दुसरी चूक माझ्या मते सगळ्यात घातक: खोलीचा आकडा कधी आणि कसा मोजला हे न बघणं. स्क्रीनवर सगळे आकडे सारख्याच ठसठशीत अक्षरांत दिसतात. त्यातला एखादा मल्टिबीम सोनारचा, म्हणजे ध्वनिलहरींनी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या यंत्राचा असतो, तर एखादा शिशाचा गोळा दोरीने सोडून मोजलेला. 1992 मध्ये ‘क्यूई 2’ (क्वीन एलिझाबेथ 2) ही प्रवासी बोट अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सजवळ खडकाला घासली, तेव्हा तिथला चार्ट 1939 च्या सर्वेक्षणावर बेतलेला होता. त्यात वेगामुळे जहाज पाण्यात किती खाली बसतं, म्हणजे स्क्वॉट, याचा अंदाजही कमी धरला होता.

उपाय चार्टमध्येच आहे. कॅटझॉकचा, म्हणजे सर्वेक्षण किती भरवशाचं हे दाखवणारा, थर चालू करा आणि तारे मोजा. सहा तारे म्हणजे ए1, तीन म्हणजे सी. आता चार्टवर 20 मीटर लिहिलंय असं धरा. ए1 मध्ये चूक साधारण 0.7 मीटर. सी मध्ये 2 मीटर अधिक खोलीचे 5 टक्के, म्हणजे एकूण 3 मीटर. शिवाय जागाही 500 मीटरने इकडेतिकडे असू शकते. तुमचा ड्राफ्ट, म्हणजे जहाजाचा पाण्याखालचा भाग, 15 मीटर असेल तर कीलखाली (जहाजाच्या तळाखाली) 5 मीटर नाही, 2 मीटर धरायचे. त्यातून स्क्वॉट वजा करा. मग वेग ठरवा.

एको साउंडर (ध्वनीने खोली मोजणारं जहाजावरचं यंत्र) आणि चार्ट जुळत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आधी यंत्र ट्रान्सड्यूसरखालची (जहाजाच्या तळाशी ध्वनी सोडणाऱ्या भागाखालची) खोली दाखवतंय की पाण्याच्या पृष्ठापासूनची, ते बघा. मग भरतीची उंची धरा. तिसरं कारण ध्वनीचा वेग. यंत्रात बहुधा 1500 मीटर प्रति सेकंद धरलेला असतो. अरबी समुद्राच्या कोमट पाण्यात तो 1540 च्या आसपास असतो, त्यामुळे 30 मीटरला पाऊण मीटरभर कमी दिसतं. गार पाण्यात उलटं होतं, खोली जास्त दिसते. तिथे जास्त जपायचं.

चार्टच्या साप्ताहिक दुरुस्त्या आणि नॅव्हएरियाचे, म्हणजे ठरवून दिलेल्या सागरी विभागांचे, इशारे चुकवू नका, हे सांगायला नकोच. आपल्या भागाचे, म्हणजे नॅव्हएरिया 8 चे इशारे भारत काढतो.

एवढं करूनही साउंडर आणि चार्टमध्ये फरक उरला, तर बहुतेक जण लॉगबुकात नोंद करून पुढे जातात. माझा खरा आक्षेप इथे आहे. 2025 च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी जेमतेम 27 टक्के आधुनिक पद्धतीने मोजून झाला होता. मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक (जलसर्वेक्षण) संघटनेतले देश 1921 पासून एकमेकांची मोजणी वापरत आलेत. मॉरिशसच्या पाण्यात आपल्या नौदलाची जहाजं सर्वेक्षण करतात, ती याच रीतीने. पण प्रत्येक उथळ जागी सर्वेक्षणाचं जहाज कधी पोचणार? तुम्ही तिथून आत्ताच गेलात. हायड्रोग्राफिक नोट भरा: जीपीएसची जागा, वेळ, ड्राफ्ट, आकडा कीलपासूनचा की पृष्ठापासूनचा, आणि साउंडरच्या पट्टीचा फोटो. आपल्याकडे ती डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयात जाते. तिथे तपासून पटली की ती उथळ जागा नोटिशीत, म्हणजे नाविकांसाठीच्या सूचनांत, येते, आणि पुढच्या अपडेटबरोबर आपल्यामागून येणाऱ्या जहाजाच्या स्क्रीनवर.