कर्णबधिर मुलांसाठी आकाशदर्शन : या चुका टाळा

दुर्बीण लावली, सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावला की तयारी झाली, असं आयोजकांना वाटतं. मग दिवे मालवले जातात, दुभाष्याचे हात अंधारात दिसेनासे होतात आणि मुलांसाठी कार्यक्रम तिथेच संपतो.

दुभाष्यावर मंद लाल उजेड हवाच. अंधाराला सरावायला डोळ्यांना २०-३० मिनिटं लागतात. पांढऱ्या टॉर्चने ते सगळं क्षणात वाया जातं, मंद लाल उजेडाने तितकं बिघडत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन थर रबरबँडने बसवले तरी भागतं. उजेड चेहऱ्यावरही पडू द्या, कारण प्रश्न आहे की विधान, हे बरेचदा भुवया सांगतात. थंडी असली तरी दुभाष्याला जाड हातमोजे नकोत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाखवता दाखवता बोलणं. आपण दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून शनीच्या कड्यांची माहिती ऐकू शकतो. कर्णबधिर मुलाने कडी पाहायची की हात? म्हणून आधी सांगा, मग दाखवा, मग पुन्हा लाल उजेडात येऊन प्रश्न घ्या. लेझरने तारा दाखवल्यावर मुलांची नजर खाली येईपर्यंत थांबा. एका रात्रीत तीन-चारच गोष्टी होतील. होऊ द्या.

दुभाषा मुलांकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा त्याची उजवी बाजू त्यांची डावी होते. चंद्राची कोर किंवा ग्रहांची फिरण्याची दिशा इथे हमखास उलटी होते. कुणाच्या बाजूने दाखवायचं, ते आधीच ठरवा.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत, तिला स्वतःचं व्याकरण आहे. त्यामुळे 'परिवलन', 'परिभ्रमण' यांसाठी ऐनवेळी मनाने खुणा बनवू नका. शब्दांची यादी आठवडाभर आधी दुभाष्याला आणि कर्णबधिर शिक्षकांना द्या. खुणा त्यांनीच ठरवाव्यात, भाषा त्यांची आहे.

आणि 'या मुलांना इतकं कशाला?' असं म्हणून विषय पातळ करू नका, याचा मला खरंच राग येतो. इंग्लंडमधल्या यॉर्कचा जॉन गुडरिक लहानपणापासून कर्णबधिर होता. अल्गोल तारा दर २ दिवस २१ तासांच्या आसपास मंदावतो, हे त्याने शोधलं आणि एखादी काळोखी वस्तू त्याच्या आड येत असावी, असंही सुचवलं. त्यासाठी १७८३ मध्ये, विशीही गाठली नसताना, त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. ययाती तारकासमूहातला हा तारा हिवाळ्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो मंदावण्याची वेळ आधी काढा आणि कार्यक्रम त्याच रात्री ठेवा.