हिप्नॉटिझमनं विसरलेलं आठवतं काय? कुणाकडं न्यायच्या आधी घरात काय करायचं

सोनं कुठं ठेवलं ते आठवंना, जागेचे कागद सापडंनात, नाहीतर गाडीवरनं पडल्यापासनं त्या दिवसाचं काहीच डोक्यात नाही, असं झालं की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात कोणतरी हमखास सांगतंय, अमुक एक जण हिप्नॉटिझम करतोय, त्याच्याकडं न्या, सगळं बाहेर येतंय. न्यायच्या आधी हे वाचा, कारण नंतर काही गोष्टी दुरुस्त करता येत नाहीत.

भरवसा ठेवण्यासारखा हा उपाय नाही. हिप्नॉटिझममध्ये माणूस जास्त बोलतोय हे खरं, पण त्यात आठवलेलं किती आणि मनानं जोडलेलं किती हे ना त्याला कळतं ना समोरच्याला. आठवण म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग नव्हे, आठवताना प्रत्येक वेळी ती नव्यानं जुळवली जाते, आणि जे मुळात डोक्यात नोंदलंच गेलं नाही (डोक्याला मार लागला तेव्हाचं, दारू जास्त झालेल्या रात्रीचं, अगदी दोन वर्षांचे असतानाचं) ते कितीही गाढ झोपवलं तरी कुठनं येणार?

१९८३ मध्ये कॅनडात लॉरेन्स आणि पेरी या दोघांनी हिप्नॉटिझमला पटकन वश होणाऱ्या २७ जणांवर प्रयोग केला. हिप्नॉटिझमखाली मनानं गेल्या आठवड्यातल्या एका साध्या रात्रीत त्यांना नेलं आणि मोठ्या आवाजानं जाग आली असं सुचवलं. नंतर पूर्ण जागेपणी विचारलं तर १३ जण म्हणाले, होय, आवाज आला होता. काही जण तर हे आम्हीच सुचवलेलं असं सांगूनसुद्धा ऐकायला तयार नव्हते. मला सगळ्यात भीती वाटते ती याचीच, चुकीचं आठवतं एवढ्यावर थांबत नाही, ते ठाम होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशननंही १९८५ मध्ये हेच सांगितलं की अशा आठवणी साध्या आठवणींपेक्षा जास्त विश्वासाच्या नाहीत.

उलट उदाहरणही आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात चाउचिला गावची २६ पोरांची स्कूलबस पळवली होती, सुटून आलेल्या ड्रायव्हरला हिप्नॉटिझमखाली अपहरण करणाऱ्यांच्या गाडीचा नंबर एक अंक सोडून आठवला. पण तो बरोबर हे कळलं कशावरनं, तर पोलिसांनी बाहेरनं ताडून बघितलं म्हणून.

आता घरात काय करायचं. आधी डॉक्टर. विसरणं नवीन असेल, वाढत असेल, तर बी-१२, थायरॉईड, झोप, डिप्रेशन, डोक्याचा मार हे बघून घ्या, आणि अचानक आठवंनासं झालं किंवा बोलताना जीभ अडखळायला लागली तर थांबूच नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

मग आठवायचं काम. अमेरिकेत फिशर आणि गायझेलमन यांनी ऐंशीच्या दशकात साक्षीदारांसाठी एक पद्धत बसवली, त्यातला बराच भाग घरी करता येतो. समजा आत्त्याच्या पाटल्या सापडत नाहीत. पहिल्यांदा कुणीही काही न विचारता आत्त्याला जेवढं आठवतंय तेवढं लिहू द्या नाहीतर मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग त्याच खोलीत, जमलं तर त्याच वेळेला, निवांत बसवा आणि म्हणा, खानापूरच्या लग्नाहून परत आलीस ना, तिथनं सांग. पाऊस होता काय, छत्री कुठं टेकवलीस, अंगावर साडी कुठली, लाईट होती की गेलेली, पहिल्यांदा हातातलं काय खाली ठेवलंस. पाटल्यांचं नाव काढायचंच नाही. एकदा पुढनं सांगून झालं की झोपायच्या वेळेपासनं उलटं सांगायला लावा. मधे तोडायचं नाही, गप्प बसली तर गप्प बसू द्या, आणि "माहीत नाही" हे उत्तर चालतं म्हणून आधीच सांगून ठेवा.

"सूनबाई आत आली होती काय गं?" असला प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका. आज "नाही बाई" म्हणेल, चार वेळा विचारलं की सून दारात उभी असलेली दिसायला लागेल, आणि हिप्नॉटिझमखाली विचारलं तर आणखी लवकर. कामवालीचं, सुनेचं नाव असंच येतं आणि घर फुटतं. आठवलेल्यावरनं कुणावर आळ घ्यायचा नाही, बाहेरचा पुरावा बघायचा. लग्नातले फोटो, लॉकरच्या नोंदी, सोनाराचं बिल. जागेच्या कागदाला तर आठवणीची गरजच नाही, रजिस्टर झालेल्या खरेदीखताची सर्टिफाईड कॉपी सब-रजिस्ट्रार ऑफिसात मिळते.

लहानपणीच्या त्रासाचा विषय वेगळा आणि नाजूक. कुणी स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्या, खोटं पाडू नका. पण एखादा थेरपिस्ट म्हणाला की तुमची लक्षणं बघता काहीतरी झालेलंच असणार, हिप्नॉटिझमनं शोधून काढू, तर तिथनं उठा. मागच्या जन्मात नेतो म्हणणाऱ्यांकडनंही. दुखणं, भीती, टेन्शन यावर शिकलेल्या माणसाच्या हातचं हिप्नॉटिझम उपयोगी पडू शकतं, त्याला माझा विरोध नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी नंबर विचारा, लाजायचं काय त्यात. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे.

पोलीस केसमध्ये साक्षीदार असाल तर आणखी जपा, हिप्नॉटिझम झालं की समोरचा वकील तुमची सगळी साक्षच संशयात आणू शकतो. आणि नार्को टेस्टची (औषध टोचून गुंगीत प्रश्न विचारतात ती) कोण भीती घालत असेल तर २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक सरकार हा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवा, संमतीशिवाय ती करता येत नाही.

आधीच जाऊन आला असाल तर आजच वही घ्या, सेशनच्या आधी काय आठवत होतं आणि नंतर काय नवीन आलं हे दोन वेगळ्या पानांवर तारीख घालून लिहा, आणि दुसऱ्या पानावरचं काहीही ताडून बघितल्याशिवाय कुणाच्या तोंडावर बोलू नका.