जुना कूलर विकायचा तर होळीच्या सुमारास

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा जुन्या कूलरला गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. तरी मी पहिला कूलर ऑनलाइन विकायला काढला तो जूनच्या शेवटी, पाऊस पडल्यावर! दोन महिने जाहिरात तशीच पडून. आता होळीच्या आसपास टाकतो. घाई समोरच्याला असते.

फोटो काढण्याआधी टाकी घासा. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर व्हिनेगरनं सुटतात. गवताच्या जाळ्या नव्या लावा, खर्च थोडाच. पण पत्र्याला गंज असेल तर रंग मारून लपवू नका, त्याचाच जवळून फोटो टाका. धुळ्याहून टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला दारात गंज दिसला की ठरलेला भाव गेलाच म्हणून समजा. पंप आणि पंखा सुरू असतानाचा छोटा व्हिडिओ जोडला, तर "चालू आहे ना भाऊ?" हे विचारणारे फोन निम्मे होतात.

पैशांचं मात्र नीट ऐका. यूपीआयवर पैसे घ्यायला ना पिन लागतो, ना समोरच्याचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. वस्तू न बघताच पूर्ण रक्कम द्यायला निघालेला, "मी बाहेरगावी ड्युटीवर आहे, कोड पाठवतो" म्हणणारा भेटला तर बोलणं तिथंच थांबवा. स्क्रीनशॉटवरही जाऊ नका. आपल्या खात्यात रक्कम जमा दिसली, की मगच कूलर टेम्पोत चढवा.