जपानी अभिवादने शिकताना: उंबरठ्यापासून निरोपापर्यंत

जपानी अभिवादनांची यादी करून ती तोंडपाठ करण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. माझ्या मते ही पद्धत सोडून द्यावी, कारण जपानीत प्रत्येक अभिवादनाची वेळ, जागा आणि त्यासोबतची हालचाल ठरलेली असते. त्या प्रसंगापासून तोडलेला शब्द लक्षातही राहत नाही आणि शोभतही नाही.

आधी उच्चार पाहू. अ, इ, उ, ए, ओ हे जपानीतील पाच स्वर देवनागरी वाचणाऱ्याला अवघड जात नाहीत. जपावे लागते ते त्यांच्या लांबीला. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि 'बा' दुप्पट लांबवून 'ओबाऽसान' म्हटले की झाली आजी. पुढे जेथे ऽ हे चिन्ह आहे, तेथे स्वर असाच लांबवावा. शब्दांच्या शेवटी येणाऱ्या 'मासु'मधला 'उ' मात्र जवळजवळ गळतो आणि कानावर 'मास' असेच पडते.

सकाळी 'ओहायोऽ गोझाइमासु', दिवसा 'कोन्निचिवा' आणि संध्याकाळनंतर 'कोम्बान्वा' म्हणावे. मित्रांना नुसते 'ओहायोऽ' चालते, परंतु वडीलधाऱ्यांशी आणि कामाच्या ठिकाणी पूर्ण रूपच वापरावे. 'कोन्निचिवा' हे खरे तर 'आजचा दिवस तर…' असे अर्धवट सोडलेले वाक्य असून ते घरच्या माणसांना म्हणत नाहीत. शब्द आधी पूर्ण उच्चारावेत आणि मग पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकावे: सहज भेटीत सुमारे 15 अंश, आदर दाखवताना 30 अंश, आणि मनापासून क्षमा मागताना 45 अंश. पहिल्या भेटीत 'हाजिमेमाशिते', म्हणजे 'प्रथमच भेटतो आहोत', असे म्हणून आपले नाव सांगावे आणि 'दोऽझो योरोशिकु ओनेगाइशिमासु', म्हणजे 'आपला लोभ असू द्यावा', असे म्हणावे. 'सान' हा आदरार्थी प्रत्यय दुसऱ्यासाठी असतो, तो स्वतःच्या नावाला कधीही लावू नये.

आता आतिथ्याकडे, म्हणजेच 'ओमोतेनाशी'कडे वळू. 2013 साली ब्यूनोस आयर्स येथे टोकियोला ऑलिम्पिकचे यजमानपद मिळावे म्हणून झालेल्या सादरीकरणात जपानी दूरचित्रवाणी निवेदिका क्रिस्टेल ताकिगावा यांनी हा शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारला आणि तो जगभर पोहोचला. त्याचे मर्म मात्र पाहुणा येण्याआधीच्या तयारीत आहे. जपानी चहासमारंभात यजमान पाहुण्यांच्या वाटेवर आधीच पाणी शिंपडून ठेवतो, आणि ती ओली वाट पाहूनच पाहुण्याला कळते की आपली वाट पाहिली जात आहे.

या तयारीला पाहुण्याने द्यायचे उत्तर 'गेनकान'मध्ये, म्हणजे दाराच्या आतल्या सखल जागेत, सुरू होते. तेथे 'ओजामाशिमासु', म्हणजे 'आपल्याला त्रास देतो आहे', असे म्हणावे. तोंड घराच्या आत ठेवूनच बूट काढावेत आणि पायमोजा खालच्या फरशीला न टेकवता वरच्या पायरीवर पाऊल ठेवावे. मग यजमानाकडे पूर्ण पाठ होणार नाही अशा बेताने किंचित तिरपे बसून बुटांची टोके दाराकडे वळवावीत आणि ते कडेला सारावेत. दिलेल्या सपाता घालाव्यात, पण तातामी, म्हणजे जाड जपानी चटया, अंथरलेल्या खोलीत जाण्याआधी त्याही काढाव्यात. भेटवस्तू दाराशी न देता खोलीत गेल्यावर पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्यावी.

जेवणाचे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला घास घेण्याआधी 'इतादाकिमासु' म्हणतात. त्यातील 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धरणे असा आहे. आपल्या 'शिरोधार्य'च्या अगदी जवळचा. जेवण झाल्यावर 'गोचिसोऽसामा देशिता' म्हणतात. यातील 'चिसोऽ' ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात, त्या दोन्हींचा अर्थ धावणे असा आहे. पाहुण्यासाठी कोणीतरी धावपळ करून हे जुळवून आणले, याची पोच या शब्दांत दिलेली असते. म्हणून हा शब्द घाईने पुटपुटू नये. यजमानाकडे पाहून स्पष्ट म्हणावा.

दुकानात शिरताच 'इराश्शाइमासे' असे स्वागत कानावर येते. त्याला शब्दांत उत्तर देणे अपेक्षित नसते, मान किंचित लववली तरी पुरते. उपाहारगृहात मिळणाऱ्या ओल्या 'ओशिबोरी' रुमालाने हात पुसावेत, चेहरा नव्हे. टीप देण्याची पद्धत तेथे नाही. जाताना 'गोचिसोऽसामा देशिता' म्हणणे अधिक योग्य.

निरोप घेताना 'सायोऽनारा' हाच शब्द सर्वांना आठवतो, परंतु रोजच्या भेटीगाठींत तो फारसा वापरत नाहीत, कारण त्यात दीर्घ ताटातुटीची छटा आहे. मित्रांना 'जा, माता', म्हणजे 'बरं, पुन्हा भेटू', आणि यजमानाला 'ओजामाशिमाशिता', म्हणजे 'आपल्याला त्रास दिला', असे म्हणावे. पाहुणचाराचे आभार मात्र येथे संपत नाहीत. काही दिवसांनी त्याच व्यक्तीची पुन्हा गाठ पडली, की इतर काही बोलण्याआधी 'सेनजित्सु वा आरिगातोऽ गोझाइमाशिता', म्हणजे 'त्या दिवसाबद्दल आभारी आहे', असे म्हणण्याची तेथे रीत आहे.